ब्रास, शीग, सनक, नहाणी ट्रॅप: घर बांधताना कानावर पडणारे शब्द आणि त्यामागचा हिशोब

घराचं काम काढलं तेव्हा मला वाटायचं की पाया आणि स्लॅब एवढं कळलं की झालं, मधलं काय ते गवंडी बघून घेईल. नवरा पुण्यात नोकरीला, गावाकडे कोरेगाव तालुक्यात सासूबाई आणि मी, त्यामुळे साइटवर रोज उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी विचारलं, "वहिनी, काम ब्रासवर देताय का फुटावर, सज्जा स्लॅबात धरायचा का वेगळा, आणि सनक किती घेऊ?" मला एक शब्द कळला नाही पण तसं दाखवायचं नव्हतं म्हणून मी आपलं "हो हो, धरा की" म्हणाले. ते "धरा की" नंतर बिलात दिसलं.

तर ज्यांचं काम आता सुरू होतंय त्यांच्यासाठी लिहितेय. मी इंजिनिअर नाही, डिझाइन आरसीसी (म्हणजे लोखंड घातलेलं काँक्रीट) कन्सल्टंटकडूनच करून घ्या, त्यात वाचवायला जाऊ नका. पण साइटवर जे शब्द उडत असतात त्यातल्या बऱ्याच शब्दांच्या पोटात एक माप असतं आणि मापाच्या पोटात पैसे. आधी माप विचारा, दर मागाहून.

ब्रास आणि शीग

सगळ्यात आधी ब्रास. वाळू, खडी, मुरूम, डबर हे सगळं ब्रासवर येतं आणि इथे १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. पण तोच मिस्त्री प्लास्टर ब्रासवर बोलला की तिथे ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द तोच, एकदा घन आणि एकदा चौरस, त्यामुळे कोणी नुसतं "ब्रासचा रेट" म्हणालं की कशाचा ते विचारून घ्यायचं. नऊ इंची भिंत बरेच जण घनफुटात मोजतात, चार इंची भिंत चौरस फुटात. स्कर्टिंग, ओट्याची कड, पाइप हे रनिंग फुटावर जातं, म्हणजे फक्त लांबी. जागेचं माप गुंठ्यात, १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट (३३ बाय ३३ फूट) आणि ४० गुंठ्यांचा एकर, हे गावाकडच्यांना सांगायला नको पण शहरातून आलेल्यांना सांगावं लागतं.

आता खरी गंमत. वाळूची पहिली ट्रॉली आली, ड्रायव्हर म्हणाला एक ब्रास. मी टेप घेऊन ट्रॉलीवर चढले, बिगारी पोरं हसत होती. आतून लांबी ९ फूट, रुंदी ५ फूट, उंची पावणेदोन फूट. मोबाइलवर गुणाकार केला, ७८.७५. म्हणजे पाऊण ब्रासच्या थोडं वर. मी म्हटलं हे काय, तर ड्रायव्हर म्हणतो, "वहिनी, वरची शीग धरा की!" शीग म्हणजे मापाच्या वर आलेला ढीग, आपण पायलीनं धान्य मोजताना म्हणतो ना शिगोशीग, तीच. बरं शीग धरली तरी २१ घनफुटाची शीग काही त्या ट्रॉलीवर नव्हती, रस्त्यानं हादरे खाऊन ती केव्हाच सपाट झाली होती. शेवटी ठरलं की फळीच्या लेव्हलला मोजायचं आणि जेवढे घनफूट भरतील तेवढ्याचे पैसे. त्यानंतरच्या प्रत्येक ट्रॉलीला मी फळीवर खडूने उंचीची खूण करून ठेवली. आणखी एक, वाळू ओलसर असेल तर ती फुगलेली असते, कोरड्या वाळूपेक्षा चांगली पाव हिश्श्यापर्यंत जास्त जागा व्यापते, म्हणजे तुम्ही ओलाव्याचेही पैसे देता. आता नदीची वाळू मिळणं अवघड आणि महाग झालंय, बहुतेक ठिकाणी क्रश सँडच येते, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. ती घेताना मूठभर हातात चोळून बघा, हाताला पिठासारखी भुकटी फार चिकटली तर ती धुतलेली नाही. प्लास्टरची वेगळी बारीक येते आणि काँक्रीटची वेगळी जाडसर, एकच ढीग दोन्हीला वापरू देऊ नका.

सिमेंटचं पोतं ५० किलोचं, मापात साधारण ३५ लिटर किंवा सव्वा घनफूट. ओपीसी ४३, ओपीसी ५३, पीपीसी असं लिहिलेलं असतं. ओपीसी म्हणजे साधं सिमेंट, ४३ आणि ५३ हे आकडे त्याच्या २८ दिवसांनंतरच्या ताकदीचे. पीपीसीत राख मिसळलेली असते, ते जरा सावकाश ताकद धरतं म्हणून त्याला पाणी जास्त दिवस मारावं लागतं. पोत्यावर कोणता आठवडा आणि वर्ष ते छापलेलं असतं, तीन महिन्यांपेक्षा जुनं घेऊ नका.

माणसं आणि हत्यारं

गवंडी म्हणजे वीटकाम प्लास्टर करणारा, बिगारी त्याच्या हाताखालचा, सेंट्रिंगवाला काँक्रीट ओतायला फळ्या-प्लेटा आणि टेकू लावणारा. फिटर म्हणजे लोखंड बांधणारा, मी दोन दिवस त्याला प्लंबर समजत होते. मुकादम माणसं आणतो. लेबर रेट म्हणजे फक्त मजुरी, माल तुमचा, आणि विथ मटेरियल म्हणजे सगळं त्यांचं. लेबर रेटमध्ये सेंट्रिंगचं सामान, मिक्सर, व्हायब्रेटर, पाणी मारायचा माणूस हे धरलंय का ते कागदावर लिहून घ्या, पाणी मारायचा माणूस तर नक्की, कारण तो कोणाच्याच हिशोबात नसतो आणि मग ते काम घरातल्या बाईवर येतं.

हत्यारांत ओळंबा, गुण्या, लेव्हल ट्यूब हे तीन ओळखता आले तरी पुष्कळ. ओळंबा दोरीला टांगलेलं वजन, भिंत उभी सरळ आहे का बघायला. गुण्या म्हणजे काटकोन. लेव्हल ट्यूब म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोन टोकांना पाणी एका पातळीत राहतं त्यावरून लांबच्या दोन कॉलमवर सारखी खूण करतात. यात हवेचा बुडबुडा अडकला तर लेव्हल चुकते, तेवढं बघायचं.

आखणी ते जोतं

आखणीला लाइनआउट म्हणतात, चुना टाकून नकाशा जमिनीवर काढतात. आमचा आराखडा ३० बाय ४० फूट होता. अशा आयताचा कर्ण बरोब्बर ५० फूट येतो (३-४-५ चा त्रिकोण, शाळेत शिकलेला एवढा एक तरी कामाला आला). मी म्हटलं दोन्ही कर्ण मोजूया, मिस्त्री म्हणाले गरज नाही, आमचा गुण्या आहे. मोजलं तर एक कर्ण ५० फूट ४ इंच आणि दुसरा ४९ फूट ८ इंच. म्हणजे घर तिरकं चाललं होतं. मिस्त्री काही बोलले नाहीत, खुंट्या उपटल्या आणि दोरी परत लावली. हे त्या दिवशी दहा मिनिटांत झालं, फरशी बसवताना कळलं असतं तर प्रत्येक खोलीत एका बाजूला पाचर कापून लावावी लागली असती. लाइनआउट झालं की दोन्ही कर्ण स्वतः मोजा, बाकी काही नाही जमलं तरी एवढं करा.

पाया खणताना काळी माती असेल तर ती पार काढून मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत जायचं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, घर तिच्यावर बसलं की घरालाही तेच होतं. आमच्याकडे साडेपाच फुटांवर चांगला मुरूम लागला. खड्ड्याच्या तळाशी पीसीसी करतात, म्हणजे बिनलोखंडाचं काँक्रीट, साधारण ४ इंच, लोखंड मातीला टेकू नये म्हणून. काही जण त्याच्या खाली दगड लावून सोलिंग करतात. त्याच्यावर फुटिंग, म्हणजे कॉलमचं पाऊल. त्याच्या तळाला लोखंडाची जाळी. कॉलम नेमका जागेवर उभा राहावा म्हणून आधी ४-६ इंचांचा छोटा कॉलम ओततात तो स्टार्टर. मग जमिनीलगत सगळे कॉलम बांधणारा प्लिंथ बीम आणि त्यावर जोतं. जोतं रस्त्यापासून निदान दोन फूट वर घ्या, रस्ते पुन्हा पुन्हा डांबर पडून वर येत राहतात आणि आपलं घर तिथेच राहतं. जोत्यात मुरमाचा भराव एकदम ओतायचा नाही, ६ ते ९ इंचांचा थर, त्यावर पाणी, त्यावर धुम्मस (ठोकून दाबायचं जड हत्यार), मग पुढचा थर. नाहीतर दोन वर्षांनी फरशी मध्ये बसते आणि खाली पोकळ वाजतं.

लोखंड

लोखंड किलोवर विकत घेतो पण साइटवर ते कांड्या मोजून येतं, मग बरोबर आलंय का कसं कळणार? सूत्र सोपं आहे: व्यास एमएममध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, १६२ नं भागा, मीटरला किती किलो ते उत्तर. १२ एमएमचं १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८९ किलो मीटरला, १२ मीटरची कांडी साधारण १०.७ किलो. ८ एमएमची पावणेपाच किलो, १० ची ७.४, १६ ची १९ च्या आसपास. थोडंफार इकडेतिकडे चालतं, पण कांडीमागे किलोभर फरक आला तर दुकानदाराला फोन लावा. फे ५०० डी लिहिलेलं असतं त्यातला ५०० हा ताकदीचा आकडा आणि डी म्हणजे तुटण्याआधी जास्त ताणलं जाणारं, भूकंपाच्या दृष्टीनं हे बरं.

फिटरच्या तोंडी रिंग, लॅप, चेअर, कव्हर हे शब्द असतात. रिंग म्हणजे कॉलम-बीमच्या उभ्या आडव्या सळ्यांना वेढणारी चौकोनी कडी. तिची टोकं नुसती ९० अंशात दुमडून चालत नाही, आत कॉलमच्या पोटात वळवलेली पाहिजेत, १३५ अंश, नाहीतर भूकंपात रिंग उघडते. लॅप म्हणजे दोन सळ्यांचा जोड, साधारण व्यासाच्या ५० पट, म्हणजे १२ एमएमला ६०० एमएम, दोन फूट. सगळ्या सळ्यांचे जोड एकाच जागी दिसले तर थांबवा. चेअर म्हणजे स्लॅबमधली वरची जाळी उचलून धरणारा छोटा स्टूल.

आणि कव्हर. लोखंड आणि काँक्रीटच्या बाहेरच्या कडेत जे अंतर ठेवतात ते कव्हर. फुटिंगला ५० एमएम, कॉलमला ४०, बीमला २५ ते ३०, स्लॅबला २०. हे राहावं म्हणून खाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात. आमच्याकडे स्लॅबच्या आदल्या दिवशी बघितलं तर ठोकळ्यांच्या जागी खडीचे तुकडे सरकवलेले, कुठे चपटे कुठे गोटे, आणि चालून चालून निम्मे निसटलेले, सळई सरळ प्लेटेवर टेकलेली. ही सळई मग खालून दिसते, गंजते, फुगते आणि प्लास्टर पाडते, जुन्या इमारतींच्या गॅलरीखाली लोंबणारं लोखंड बघितलंय ना, ते हेच. फिटर म्हणाला, "ताई, आमी वीस वर्सं असंच करतोय." मी म्हटलं करा, पण माझ्याकडे नको. संध्याकाळी सासूबाई, मी आणि शेजारची दोन पोरं बॅटरी घेऊन स्लॅबवर ठोकळे सरकवत बसलो.

स्लॅब पडला

आपल्याकडे स्लॅब ओतला की "स्लॅब पडला" म्हणतात. नवऱ्याच्या मुंबईच्या आत्याला मी आनंदात फोन करून सांगितलं "आत्या, आज स्लॅब पडला" तर त्या रडायलाच लागल्या, कोणाला लागलं का विचारत होत्या.

एम २० म्हणजे २८ दिवसांनी ठरावीक मापाचा ठोकळा दाबून बघितला तर २० न्यूटन प्रति चौरस एमएम ताकद देणारं काँक्रीट, आरसीसीला याच्या खाली जायचं नाही. साइटवर याचं प्रमाण १ : १.५ : ३ सांगतात, सिमेंट, वाळू, खडी. हे घमेल्यांनी मोजलं की प्रत्येक घमेलं वेगळं भरतं, म्हणून मापाची पेटी करून घ्या. पाणी पोत्यामागे २५ लिटरच्या आसपास. मिक्सरवाल्याला पातळ माल आवडतो कारण तो आपोआप वाहतो, पण जेवढं पाणी जास्त तेवढी ताकद कमी. व्हायब्रेटर म्हणजे काँक्रीटमधली हवा काढणारी थरथरणारी नळी, ती आत घालून सावकाश वर काढायची, एकाच जागी धरून बसलं तर खडी खाली आणि पाणी वर येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅबवर सिमेंट-वाळूचे छोटे बांध घालून वाफे करतात आणि त्यात पाणी भरून ठेवतात. सासूबाई बघून म्हणाल्या, "आगं हे तर कांद्याचं वाफं की." तेव्हापासून पाण्याची पाळी त्यांनीच धरली. हेच क्युअरिंग. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, पीपीसीला १० आणि शक्यतो १४. सिमेंट सुकून घट्ट होत नाही, ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, म्हणून पाणी कमी पडलं की ते तिथेच थांबतं.

सेंट्रिंग कधी काढायचं यावर भांडणं होतात कारण सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटला न्यायच्या असतात. भारतीय मानकात साध्या सिमेंटसाठी दिलंय ते असं: कॉलमच्या बाजूच्या फळ्या १६ ते २४ तासांनी, स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस आणि त्याहून मोठ्याला १४, बीमखालचे ६ मीटरपर्यंत १४ आणि त्याहून मोठ्याला २१ दिवस. पीपीसी असेल तर याहून जास्त थांबायचं.

आता सज्जा. खिडकीवर आडवा बीम असतो तो लिंटेल, त्यातून बाहेर आलेली फळी म्हणजे सज्जा किंवा छज्जा. मी पहिल्या दिवशी "धरा की" म्हणाले होते त्याचा अर्थ असा की सज्जाचं क्षेत्रफळ स्लॅबच्या चौरस फुटात धरून त्याच रेटनं पैसे. आमचे ८ सज्जे, प्रत्येकी ६ बाय २ फूट, म्हणजे ९६ चौरस फूट, जवळपास एक ब्रास स्लॅबचे पैसे पातळ फळीला गेले. सज्जा वेगळा, रनिंग फुटावर ठरवला असता तर बराच स्वस्त पडला असता. जिन्याचंही तसंच, तो स्लॅबात धरायचा का पायरीवर ते आधी ठरवा.

भिंत, गिलावा

हे भरभर सांगते. वीट लावायच्या आधी भिजवलेली पाहिजे, कोरडी वीट मालातलं पाणी पिते. थरावर थर येताना उभे सांधे एकावर एक यायला नकोत. एका दिवसात भिंत चार-पाच फुटांच्या वर न्यायची नाही. चार इंची भिंतीत दर तीन-चार फुटांवर लोखंड घालून काँक्रीटचा पट्टा देतात, त्याला पाटली म्हणतात.

प्लास्टरच्या आधी कॉलम-बीमला टाचे मारतात, म्हणजे छिन्नीनं खरवडून माल धरेल असं करतात. काँक्रीट आणि वीट जिथे मिळतात तिथे बारीक जाळी मारायची, चिकन मेश म्हणतात, नाहीतर तिथे सरळ रेषेत चीर येणार म्हणजे येणार. आतलं प्लास्टर १२ एमएमच्या आसपास, बाहेरचं दोन हातांत, म्हणजे दोन थरांत, २० एमएम. मोजताना खिडकी-दारांची वजावट करायची का ते ठरलेलं असू द्या, आमच्याकडे यावर अख्खी दुपार गेली. प्लास्टर सुरू व्हायच्या आधी लाइटचे पाइप आणि बोर्डांच्या जागा पक्क्या करा, गिझरचा पॉइंट सुद्धा, कारण नंतर भिंत फोडणं फार जिवावर येतं.

बाथरूम

सनक म्हणजे बाथरूमचा स्लॅब बाकीच्यापेक्षा ८ ते १२ इंच खाली घेतात तो, इंग्रजी संकचं साइटवर सनक झालंय. त्या खड्ड्यात पाइप जातात, वॉटरप्रूफिंग होतं, विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि वर फरशी. फरशी लावायच्या आधी खड्ड्यात पाणी भरून दोन दिवस ठेवा आणि खालून ओल येते का बघा, फरशी लावल्यावर ही चाचणी करून काही उपयोग नाही. नहाणी ट्रॅप म्हणजे फरशीतल्या जाळीखालचा भाग, नहाणीवरून नाव पडलं आणि आता प्लंबर नानी ट्रॅप म्हणतात. त्यात कायम दोन इंच पाणी साचलेलं राहतं आणि ते पाणीच गटाराचा वास अडवतं. पाहुण्यांच्या बाथरूमला वास येतो म्हणून लोक फिनेल ओततात, पण तिथे कोणी आंघोळ करत नाही त्यामुळे ट्रॅप सुकलेला असतो, आठवड्याला एक तांब्या पाणी ओतलं की झालं.

गरम पाणी

आमच्या जुन्या घरात तांब्याचा बंब होता. मध्ये उभी नळी, तिच्यात लाकूड-गोवऱ्यांचा जाळ, भोवती पाणी. स्टोरेज गिझर म्हणजे जाळाच्या जागी विजेची कॉइल आणि भोवती उष्णता धरून ठेवायला जाड फोमचं पांघरूण घातलेला बंबच. थर्मोस्टॅट म्हणजे ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करणारा. ॲनोड म्हणजे टाकीत टांगलेली मॅग्नेशियमची कांडी, ती टाकीच्या आधी स्वतः झिजते म्हणून टाकी टिकते, बोअरचं पाणी असेल तर दर वर्ष-दोन वर्षांनी काढून बघायला सांगा. सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे आत दाब वाढला तर पाणी सोडणारा, तिथून ठिबकतं म्हणून बूच मारणारे महाभाग आहेत, ते कधीही करू नका.

गिझर किती वॅटचा घ्यायचा? १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे पाऊण युनिट वीज लागते, २ किलोवॅटची कॉइल असेल तर वीसेक मिनिटं. इन्स्टंट गिझर ३ लिटरचा ३ किलोवॅटचा येतो, लोकांना वाटतं नळ सोडला की बादली भरेल. पाणी २० अंशांनी तापवायचं तर तो मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो, म्हणजे बादलीला सात-आठ मिनिटं. स्वयंपाकघरात भांड्यांना ठीक, थंडीत आंघोळीला वैताग. दोन्हींना १६ अँपिअरचा पॉइंट, जाड वायर आणि चांगलं अर्थिंग लागतं, आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी बसवाच, करंट गळला की तो क्षणात सप्लाय तोडतो.

गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत नको. अजिबात नको. जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, त्याला ना वास ना रंग, माणूस आत बेशुद्ध पडतो आणि कडी आतून लावलेली असते. बाहेर उघड्यावर बसवून नुसती पाइप आत घ्या.

सोलरमध्ये एलपीडी म्हणजे दिवसाला किती लिटर. ईटीसी म्हणजे काचेच्या नळ्यांचा, एफपीसी म्हणजे तांब्याच्या पाइपांवर काच लावलेली पेटी. बोअरच्या जड पाण्यानं तांब्याच्या बारीक पाइपांत क्षार साचून ते तुंबतात, आमच्याकडे म्हणून नळ्यांचा घेतला. तोंड दक्षिणेला. यात मोटर नसते, तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, म्हणून सोलरची टाकी नळ्यांच्या वर असते आणि गार पाण्याची टाकी तिच्याही वर लागते. हे आम्हाला उशिरा कळलं, सोलरवाल्यानं आल्यावर सांगितलं की पाण्याची टाकी चार फूट उचला, मग परत गवंडी, परत विटा. टाकीच्या डोक्यावरून एक उघडी नळी वर जाते ती एअर व्हेंट, ती गार पाण्याच्या टाकीपेक्षा उंच पाहिजे आणि ती कोणी बंद करायची नाही. एनआरव्ही म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, तो चुकला की गरम पाणी गार लाइनीत शिरतं आणि संडासाच्या फ्लशला वाफा येतात. गरम लाइन सीपीव्हीसीची घ्या, साधी यूपीव्हीसी गरम पाण्यानं मऊ पडून वाकते. आमच्या गच्चीपासून खालच्या बाथरूमपर्यंत १६-१७ मीटर पाइप आहे, त्यात चारेक लिटर गार पाणी असतं, ते आधी बादलीत घ्यायचं आणि झाडांना घालायचं. नळाला डावा गरम, उजवा गार.

आणि बहिणीचा बॉयलर

खोली गरम करायचा प्रश्न आपल्याकडे निफाड-महाबळेश्वर सोडलं तर फारसा नाही, पण माझी धाकटी बहीण इंग्लंडात असते, तिनं मागच्या थंडीत तिकडे घर घेतलं आणि रोज एक शब्द विचारायला लागली. तिच्याकडे भिंत दुहेरी असते, मध्ये पोकळी, ती कॅव्हिटी वॉल, त्या पोकळीत लोकर किंवा फोमचे मणी भरले की उष्णता आत राहते. माळ्यावर २७० एमएम जाड लोकर अंथरायला सांगतात. कॉम्बी बॉयलर म्हणजे टाकी नसलेला गॅसचा बॉयलर, तोच नळाला गरम पाणी देतो आणि तोच भिंतींवरच्या रेडिएटरमधून गरम पाणी फिरवतो, म्हणजे आपला बंब जणू सगळ्या खोल्यांत पसरलाय. रेडिएटरच्या कोपऱ्यातल्या चक्रीवर १ ते ५ आकडे असतात, तो नळ नाही, खोलीचं तापमान किती ठेवायचं ते ठरवणारी चावी आहे, ३ म्हणजे २० अंशांच्या आसपास. ५ वर केल्यानं खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते.

तिचा हॉलमधला रेडिएटर वर गार आणि खाली गरम लागत होता. म्हणजे आत हवा अडकलीय, साधं लॉजिक, आपल्या सोलरच्या पाइपात अडकते तशीच. तिला सांगितलं, आधी हीटिंग बंद कर आणि रेडिएटर गार होऊ दे, वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी खिळीला चावी लावून अर्धा फेरा उलटा फिरव, सूं आवाज येईल, आवाज थांबून पाणी आलं की लगेच घट्ट कर, मग बॉयलरचा दाबाचा काटा बघ, गार असताना १ ते दीड बारमध्ये पाहिजे, कमी असेल तर खालच्या फिलिंग लूपनं (पाणी भरायच्या नळीनं) भर. बॉयलरचं झाकण मात्र उघडायचं नाही, तिकडे गॅसचं काम फक्त गॅस सेफ नोंदणीवाल्यानंच करायचं असतं. आणि आतलं पाणी काळपट येतं, तर खाली जुनं फडकं धर.

तिनं व्हिडिओ कॉल लावूनच केलं. सूं झालं, काळं पाणी आलं, आणि मला दिसलं की बाईनं हातात लग्नात आलेला पांढरा टॉवेल धरलाय.